समजून घ्या : नागलीचे तंतू, शरीराचा दाह आणि मेचनिकॉफ यांचा काटा

चारोटी नाक्यावरून डहाणूकडे वळा की जव्हारकडे, इथल्या आदिवासी घरांत नागलीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्या कोंड्यातले तंतू आपल्याला पचत नाहीत. मग ते शरीरात करतात काय? या उत्तराची सुरुवात इल्या मेचनिकॉफ यांच्यापासून होते.

त्यांचा जन्म १८४५चा, आजच्या युक्रेनमधील खारकिव परिसरातला. १८७३ मध्ये पत्नी क्षयाने गेली आणि ते पार खचले. पुढे १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी ताराmाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. दाह हा शरीराचा बचाव असतो, हे त्यातून उमगले. १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली.

मोठ्या आतड्याला मात्र मेचनिकॉफ शरीराचा शत्रूच मानत. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. नंतर कळले, की तिथलेच जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट बनवतात आणि ते याच पेशींचा अतिरेकी दाह शमवते.

आता भाताच्या कोंड्यातले, फळांच्या सालींतले तंतू प्रक्रियेने बदलून प्रयोगशाळेत प्रतिकारक पेशींवर तपासले जातात. पण बशीतल्या पेशींवरचा निकाल म्हणजे औषध नव्हे. भाकरी जरूर खा. सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.