डॉक्टरकीची वाट सोडणारा तरुण

मुलाने हवाई दलात वैमानिक व्हायचे म्हटले की पांढरपेशा घरात पहिला प्रश्न निघतो तो पदवीचा. आधी हाती एखादी पदवी असू द्यावी, मग काय ते करावे, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो आणि तो सर्वस्वी चुकीचाही नसतो. परंतु भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे पूर्वायुष्य पाहिले, तर हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही हे ध्यानात येते.

मुखर्जींचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात झाला. वडील आय.सी.एस. अधिकारी, मातामह डॉ. प्रसन्नकुमार रॉय हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. अशा घरातील मुलांच्या वाटा बहुधा ठरलेल्या असत : सनदी नोकरी, बॅरिस्टरी किंवा वैद्यक. सुब्रतोंनीही प्रेसिडेन्सी कॉलेजात एक वर्ष काढले आणि डॉक्टर होण्याच्या विचाराने ते इंग्लंडला गेले. मात्र नात्यातील मामा इंद्रलाल रॉय यांचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शत्रूची दहा विमाने पाडल्याचे श्रेय मिळवून रॉय त्याच महिन्याच्या २२ तारखेला मारले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ होते. हे उदाहरण जितके स्फूर्तिदायक तितकेच आईबापांच्या काळजाचा ठोका चुकवणारे.

अर्थात केवळ स्फूर्तीने दार उघडत नाही. हिंदी तरुणांना क्रॅनवेल येथील ब्रिटिश हवाई दलाच्या महाविद्यालयात प्रवेश द्यावा, अशी शिफारस बॅ. जीना सभासद असलेल्या स्कीन समितीने १९२६ साली केली, तेव्हा कुठे हा मार्ग संभवू लागला. १९२९ साली मुखर्जी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि निवडलेल्या पहिल्या सहा हिंदी तरुणांत त्यांची गणना झाली. वैद्यकाचे शिक्षण मागे पडले. सनदी नोकरीत वेतन, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा यांचा हिशेब आधी मांडता येत असे. येथे ज्या दलात नोकरी करायची ते दलच अद्याप कागदावर होते.

आजच्या विद्यार्थ्यापुढे असा पेच नाही. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेल्यास पदवीचे शिक्षण तेथेच होते आणि खर्च सरकार सोसते. पदवी घेऊन नंतर स्पर्धापरीक्षेने जाण्याचीही सोय आहे. ती पदवी वाणिज्याची किंवा अर्थशास्त्राचीसुद्धा चालते. मात्र दोन्ही वाटांना बारावीपर्यंतचे गणित आणि भौतिकशास्त्र आवश्यक असते. म्हणजे खरा निर्णय दहावीनंतर, शाखा आणि विषय निवडताना, पंधरा-सोळाव्या वर्षी होऊन जातो. आणि पुष्कळ घरांत तो होऊन गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. महाविद्यालयाच्या नावाची चर्चा मात्र पुढे वर्षभर चालते!

शिवाय बुद्धीबरोबर शरीराचीही परीक्षा असते. मुखर्जींच्या सहाध्यायांपैकी जे. एन. टंडन यांना उंची कमी पडल्यामुळे उड्डाण सोडून जमिनीवरील काम पत्करावे लागले. उरलेले पाच वैमानिक झाले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. त्या पाचांपैकी भूपेंद्र सिंग आणि अमरजीत सिंग हे दोघे लवकरच विमान अपघातात मृत्यू पावले. एच. सी. सरकार यांना एका भीषण अपघातानंतर दल सोडावे लागले. काही वर्षांतच मूळच्या पाच वैमानिकांपैकी मुखर्जी एकटेच दलात उरले. यशस्वी माणसाचे चरित्र सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते. ती गाळून तरुणांना सल्ला देणे म्हणजे जमाखर्चाच्या वहीतील एकच पान दाखवण्यासारखे आहे.

वायव्य सरहद्दीवरील कामगिरीनंतर १९३९ साली पहिल्या तुकडीचे नेतृत्व मुखर्जींकडे आले. त्याआधी कोणा भारतीयाला असा मान मिळाला नव्हता. त्याच वर्षी त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला. पुढे शारदाबाई रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि नंतर आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या. स्वातंत्र्यानंतरही हवाई दलाचे प्रमुखपद काही वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिले. १ एप्रिल १९५४ रोजी ते मुखर्जींकडे आले तेव्हा त्यांचे वय ४३ होते. हंटर, कॅनबेरा आणि नॅट ही जेट विमाने दलात आली ती त्यांच्या कारकिर्दीत. वापिटीवर शिकलेल्या माणसाने ती आणवली, ही गोष्ट लक्षणीय म्हणावी लागेल.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत भोजन करीत असताना घास श्वासनलिकेत अडकून त्यांचा मृत्यू झाला. वय पन्नाशीच्या आतले. शालेय फुटबॉलची जी स्पर्धा त्यांनी मनावर घेतली होती, ती त्याच वर्षी सुरू झाली आणि पुढे ‘सुब्रतो चषक’ म्हणून देशभर ओळखली गेली.