मोक्ष नाकारून पुन्हा जन्म मागणारा कवी

पाटस : आषाढी वारीत वरवंडचा मुक्काम आटोपून जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा पाटस गावी विसावतो आणि पुढे रोटी घाटाची चढण चढू लागतो. ज्यांच्या पादुका या पालखीत असतात, त्या संतकवीचे मरणोत्तर जगाविषयीचे चिंतन विश्वसाहित्यात आगळे ठरावे असे आहे.

तुकोबांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू येथे १६०८ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात शेती, व्यापार, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची विठ्ठलभक्ती होती. मात्र आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घराबाहेर पडले. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. ज्येष्ठ पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगाही दगावला. व्यापाराचे दिवाळे निघाले.

या आघातांनंतर तुकोबांनी भामचंद्र आणि भंडारा डोंगरांवरील एकांत जवळ केला. पडझड झालेले देहूचे विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले. कर्जखतांपैकी निम्मी धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. ऋणको मुक्त झाले. पुढे अभंगरचनेस विरोध झाला आणि त्यांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या तरल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे.

इटलीचा महाकवी दान्ते (१२६५-१३२१) याने नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशी परलोकाची यात्रा लोकभाषेत रंगविली. लोकभाषा तुकोबांचीही, पण त्यांची दृष्टी परलोकावरून पुन्हा मृत्युलोकाकडे वळते. त्यांच्या अभंगांत स्वर्गातील देवांनाच पृथ्वीवरील जन्माचा हेवा वाटतो, कारण नामस्मरणाचे सुख येथेच लाभते. जिवंतपणीच स्वतःचे मरण पाहिल्याचा अनुभव ते सांगतात. त्यात भय नाही, अहंकार सरल्याचा सोहळा आहे. मुक्ती आणि संपत्ती दोन्ही नाकारून ते संतांची संगत मागतात आणि त्यासाठी पुन्हा गर्भवास पत्करण्यास सिद्ध होतात.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे १६५० मध्ये तुकोबा सदेह वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची धारणा आहे. हा दिवस तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला.

दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला या जगाचा वीट यावा, हे स्वाभाविक होते. तुकोबांनी मात्र याच जगात परत येण्याचे मागणे मागितले. त्यांच्या वैराग्याची खरी थोरवी या मागण्यात आहे.