चार्ल्स केटरिंग

आज मोटारीत बसून किल्ली फिरविली किंवा कळ दाबली, की इंजिन तत्काळ सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र गाडीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल मारणाऱ्याचा हात मोडे. प्रसंगी जिवावरही बेते. हे संकट ज्यांनी दूर केले, ते संशोधक म्हणजे चार्ल्स केटरिंग होत.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची दृष्टी अधू होती. डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण सोडून त्यांना काही काळ टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत राबावे लागले. तरीही धीर न सोडता १९०४ साली त्यांनी विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. पुढे डेटन शहरातील एका कारखान्यात, दुकानातील रोकड नोंदविणारे यंत्र विजेवर चालावे म्हणून त्यांनी एक लहानशी मोटर सिद्ध केली. तिला क्षणभरच जोर लावावा लागे.

हाच अनुभव त्यांच्या कामी आला. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हँडलावाचून सुरू होणारी गाडी हवी होती. इंजिन फिरविण्यास फार मोठी मोटर लागेल, असे जाणकारांचे मत होते. केटरिंग यांनी विचार केला, की हा भार काही क्षणांपुरताच आहे. लहान मोटर तेवढा वेळ तो खचित सोशील! इंजिन चालू झाल्यावर तेच यंत्र वीज उत्पन्न करून बॅटरी भरी. कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत ही योजना प्रथम आली.

पुढे ही दोन कामे निराळ्या यंत्रांकडे गेली. तथापि बॅटरी, तारा, कळ आणि मोटर ही साखळी कायम राहिली. गाडी सुरू होईना, तर कुशल कारागीर तिचा एकेक दुवा तपासतो. दिवे लावून किल्ली फिरविताच ते अगदी मंद झाले, तर बॅटरी उतरली असावी किंवा तिच्या टोकांवर गंज चढला असावा, असा तर्क तो करतो. दिवे प्रखर राहिले आणि मोटर मुळीच हलली नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नसावी, म्हणून तो कळ व तारा पाहतो.

केटरिंग यांचे सर्वच कार्य हितकर ठरले नाही. त्यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेत १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती सापडली. इंजिन सुरळीत चाले. परंतु धुरातील शिशाने अनेक देशांतील मुलांच्या बुद्धीची हानी केली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे जगात सर्वत्र बंद होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

१९४५ साली त्यांच्या सहकार्याने न्यूयॉर्क येथे कर्करोगाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. भार किती आहे, एवढेच न पाहता तो किती वेळ सोसावयाचा आहे, हेही पाहावे, ही त्यांच्या चरित्राची शिकवण आहे.