एका रेघेसाठी भांडलेला माणूस

गेटवेहून लाँचने एलिफंटाला जाताना समुद्रात नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. अशा जहाजाच्या कुशीवर, साधारण मध्यभागी, एक वर्तुळ आणि त्यातून आडवी गेलेली रेघ असते. मला आधी वाटायचं, कंपनीचा लोगो असेल. पण मित्रांनो, ती जहाजाची वजनमर्यादा आहे! त्या रेघेला नाव मिळालं ते सॅम्युएल प्लिमसॉलचं.

प्लिमसॉल इंजिनिअर नव्हता, खलाशीही नव्हता. त्याचा जन्म १८२४ सालचा, इंग्लंडमधील ब्रिस्टलचा. आधी कारकुनी केली, मग लंडनला येऊन कोळशाचा व्यापार सुरू केला आणि त्यात चक्क दिवाळं निघालं. काही काळ त्याने अगदी गरिबांच्या वस्तीत काढला. तिथे त्याला कळलं, की कष्टकरी माणसाच्या जिवाची किंमत किती कमी असते. पुढे धंद्यात पुन्हा जम बसला आणि १८६८ मध्ये तो डर्बीमधून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आला.

त्या काळी काही मालक जुनाट जहाजांमध्ये माल ठासून भरत आणि त्यांचा भरपूर विमा उतरवत. जहाज पोचलं तर नफा, बुडालं तर विम्याचे पैसे. मरायचे ते खलाशी. एकदा करारावर सही केली की जहाज धोक्याचं दिसलं तरी नकार देता येत नसे. नकार देणारे तुरुंगात जात. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत.

भाररेषेची कल्पना मुळात प्लिमसॉलची नाही. टाइन नदीकाठचा जेम्स हॉल हा जहाजमालक ती आधीपासून मांडत होता. पण प्लिमसॉलने ती उचलून धरली. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. देशभर खळबळ उडाली आणि चिडलेल्या मालकांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचे दावे लावले. जुलै १८७५ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचं विधेयक बाजूला ठेवायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्याचा तोल सुटला. भर सभागृहात मुठी आवळून त्याने खलाशांना मरणाच्या दारात ढकलणाऱ्यांना दुष्ट म्हटलं. आठवड्याभराने त्याने शब्दांबद्दल माफी मागितली, पण मागणी सोडली नाही. जनमत इतकं तापलं, की सरकारला घाईघाईने तात्पुरता कायदा करावा लागला. १८७६ मध्ये रेघ सक्तीची झाली.

इथे खरी गंमत आहे. रेघ सक्तीची झाली, पण ती कुठे मारायची हे मालकानेच ठरवायचं होतं! एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवली, असा किस्सा सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडावं लागलं. प्लिमसॉल १८९८ मध्ये वारला. १९३० मध्ये भाररेषेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६६ मध्ये त्याची जागा नव्या कराराने घेतली.

आता थोडं आपलं इंजिनिअरिंग. पाण्यावर राहिलेला जहाजाचा भाग म्हणजे त्याची शिल्लक तरंगशक्ती. लाट आली की तीच कामी येते. गोड्या पाण्याची घनता कमी, म्हणून त्यात तेच जहाज जास्त बुडतं. त्यासाठी वेगळी, वरची रेघ. हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रासाठी खालची रेघ, म्हणजे माल कमी. शेजारच्या त्या छोट्या रेघांचा अर्थ हा असा.

रस्त्यावर तरी वेगळं काय आहे? ट्रकच्या अंगावर रिकामं आणि भरलेलं वजन रंगवलेलं असतं. पण गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे दोन-दोन ट्रॉल्यांवर ऊस रचून निघालेला ट्रॅक्टर पाहा. इंजिन ओढतंय, म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. ओढणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सगळं वजन ट्रॅक्टरलाच ढकलत येतं. ते खालीच उतरेपर्यंत कुणाला दिसत नाही, कारण रस्ता काही पाण्यासारखा वर चढून मर्यादा दाखवत नाही.

मर्यादा नफा कमावणाऱ्याने ठरवायची नसते, हे सांगायला एका दिवाळखोर कोळसेवाल्याला अर्धं आयुष्य घालवावं लागलं. उद्या आपण डिझाइन करू, त्या यंत्रावरची रेघ आपल्यालाच मारायची आहे. कुणी ती थोडी वर सरकवायला सांगेल, तेव्हा प्लिमसॉल आठवावा.