मासे मोजणारा कर्नल

कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना लोकलच्या खिडकीतून खाडीकाठी जरा नीट बघा. चिखलात मान आखडून बसलेला एक मातकट पक्षी दिसेल. बसलेला असताना लक्षातही येत नाही, उडाला की एकदम पांढराशुभ्र! हा ढोकरी बगळा, म्हणजे वंचक. विज्ञानाच्या वहीत त्याची पहिली नोंद १८३२ मध्ये झाली आणि ती करणारा माणूस पक्षीतज्ज्ञ नव्हता, फौजी होता. नाव, विल्यम हेन्री साइक्स.

साइक्सची गोष्ट आज सांगायची ती मात्र बगळ्यासाठी नाही, माशांसाठी. एकाच जातीचा मासा एका नदीत हातभर होतो आणि दुसरीकडे त्याच्या दुप्पट-तिप्पट, असं का? हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर त्याच्या उत्तराचा एक धागा या कर्नलच्या कागदांपर्यंत जातो.

साइक्सचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत तो दाखल झाला १८०३ मध्ये. हिशोब करा, वय वर्षं फक्त तेरा! पंधराव्या वर्षी तो भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध कंपनीच्या देशी शिपायांचं नेतृत्व त्याने केलं. म्हणजे हा माणूस आपल्याकडे आला तो राज्य जिंकणाऱ्यांच्या बाजूने, हे विसरायचं नाही.

मग चार वर्षं युरोपात हिंडून तो १८२४ मध्ये परतला, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यांनी साइक्सच्या हातात तलवारीऐवजी वही दिली आणि त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी केलं. काम काय, तर दख्खन मोजायचं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, जमिनीचा सारा किती. हेतू अर्थातच महसुलाचा. पण साइक्सला मोजायचं वेडच लागलं. हवेचा दाब, तापमान, पाऊस, पक्षी, प्राणी, मासे, काहीच सुटलं नाही. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पदच बंद केलं. आपण असतो तर सामान आवरलं असतं. हा पठ्ठ्या मात्र काम पूर्ण करूनच थांबला आणि १८३१ मध्ये मायदेशी गेला.

तिथे गेल्यावर त्याने एकेक गाठोडं सोडायला सुरुवात केली. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी आली, १८३९ मध्ये माशांची. आणि इथे आपल्यासाठी खरी मजा आहे. त्याने माशांना दिलेली लॅटिन थाटाची नावं वाचून बघा. टोर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस, हिप्सेलोबार्बस मुसुल्ला, गारा मुल्या, लॅबिओ पोटैल, मिस्टस सिंगटी. (पहिला शब्द, म्हणजे कुळाचं नाव, काही ठिकाणी नंतर बदललंय, दुसरा शब्द त्याचाच.) ओळखीचं वाटतंय ना? ही तर भीमा-मुळा-मुठेच्या काठावरची मराठी नावं! पुण्याजवळच्या नदीवर जाळं टाकणाऱ्यांच्या तोंडचे शब्द थेट जागतिक विज्ञानात गेले. ज्यांनी ते सांगितले त्या मासेमारांची नावं मात्र कुणाला माहीत नाहीत. माशाच्या नावापुढे आजही छापलं जातं ते साइक्सचं नाव.

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. माशाचं आपल्यासारखं नसतं. विशीत आपली उंची थांबते. बहुतेक मासे जगतात तोवर थोडेथोडे वाढतच राहतात. त्यामुळे मासा किती मोठा होणार हे त्याला किती वर्षं मिळाली, खायला किती मिळालं, पाणी किती खोल आणि किती गार, या सगळ्यावर ठरतं. गार पाण्यात मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, पण बऱ्याचदा शेवटी मोठा होतो. कोमट पाण्यात लवकर वयात येतो आणि लहानच राहतो. छोट्या तळ्यात चिलापीची पिल्लं फार झाली की सगळीच बोटभर राहतात, कारण वाटेकरी वाढले. आणि जिथे मोठा मासा दिसला की लगेच जाळ्यात जातो, तिथे मोठं व्हायला कोणी उरतच नाही. याची उलट बाजू बघायची तर महाडजवळ वाळणकोंडीला जा. देवीचे मासे म्हणून तिथल्या डोहात कुणी जाळं टाकत नाही, म्हणून तिथे मोठमोठे महाशीर निवांत फिरताना दिसतात.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. मासा खरंच तोच आहे का? साइक्सच्या मुसुल्लाच्या बाबतीत नेमका इथेच घोळ झाला. कावेरीत पाठीवर कुबड असलेला एक प्रचंड महाशीर सापडायचा, पन्नास किलोच्या पुढे जाणारा. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञाने हा राक्षस म्हणजे साइक्सचा मुसुल्लाच, असं ठरवलं. झालं! पुढची कित्येक वर्षं एकच नाव दोन वेगळ्या माशांना चिकटून राहिलं. २०१३ मध्ये संशोधकांनी साइक्सचं मूळ वर्णन पुन्हा तपासलं आणि दाखवून दिलं, की त्याचा मुसुल्ला महाशीर नव्हताच. कावेरीतल्या राक्षसाची खरी ओळख पटली थेट २०१८ मध्ये, टोर रेमादेवी म्हणून. तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. ज्याला धड नाव नाही, त्याला वाचवायचं तरी कुठल्या यादीत घालून?

यात आपलाही एक हात आहे. कर्जतनंतर रेल्वे घाट चढते आणि लोणावळा येतं. तिथल्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली. हेतू चांगला होता, महाशीर वाचवायचा. साइक्सच्या टोर खुद्रीची बोटुकली इथून परराज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. तिथे हा निळ्या परांचा पाहुणा मस्त रुजला आणि मूळचा कुबडवाला कमी होत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं होतीच, त्यात या पाहुण्याची भर पडली.

साइक्सला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. तो लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाला, १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, पुढे अॅबरडीनचा खासदार झाला आणि १८७२ मध्ये वारला. कंपनीचं राज्य त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. सारावसुलीसाठी जमवलेले त्याचे आकडे आज इतिहासाचे अभ्यासक सोडले तर कोण उघडतं? मासे मात्र अजून उघडून बघावे लागतात.

तेव्हा रीलवर कुणी अवाढव्य मासा उचलून दाखवला, की लाइक करण्याआधी तीन गोष्टी विचारा. नदी कुठली, वजन केलं का आणि जात कशावरून ठरवली? एका फौजी कारकुनाने दोनशे वर्षांपूर्वी हे प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवली, म्हणून तर २०१३ मध्ये चूक सापडली.