मॅट्रिकला दोनदा नापास झालेला शास्त्रज्ञ

शाळेच्या सभागृहातला गुणवंतांचा फलक आपल्याला पाठ आहे. नापास झालेल्यांचा फलक मात्र कुठल्याच शाळेत नसतो. दहावीच्या निकालानंतर आपल्या वर्गातले काही जण पुन्हा कधी दिसलेच नाहीत. या मेळाव्यासाठी पत्ते जमवताना आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला तो त्यांनाच शोधायला. म्हणून या स्मरणिकेसाठी मी डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची गोष्ट निवडली.

सुब्बारावांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमवरमचा. घरची परिस्थिती बेताची, त्यात अभ्यासात लक्ष नाही. काशीला पळून जाऊन यात्रेकरूंना केळी विकायचा बेतही त्यांनी एकदा केला होता. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले. आईने हार मानली नाही. मुलाला शिकवायला तिने दागिने विकले. तिसऱ्या खेपेला मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून ते पास झाले.

मद्रास मेडिकल कॉलेजात गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी वापरली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. सुब्बारावांच्या हाती एम.बी.बी.एस.ऐवजी कमी प्रतीची एल.एम.एस. पदवी पडली. त्याच काळात स्प्रू नावाच्या पचनाच्या विकाराने त्यांचे भाऊ दगावले. तेव्हा त्यावर खात्रीचे औषध नव्हते.

सासऱ्यांच्या मदतीने सुब्बाराव बोस्टनला गेले. शिकताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळी केली, रुग्णांची मलमूत्राची भांडी धुतली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातले व लघवीतले फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत बसवली. द्रावणाला निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितके फॉस्फरस जास्त. ही पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली.

याच पद्धतीने स्नायूचा अर्क तपासताना निळा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश गडद होत गेला. त्या उशिराचे कारण शोधताना फॉस्फोक्रिएटिन हाती लागले. ते वर्ष १९२७. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत ए.टी.पी. सापडले, जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते त्याच वर्षी सापडले. स्नायूला काम करायची ताकद लॅक्टिक आम्लातून मिळते, ही नोबेल मिळवलेली समजूत या शोधांनंतर मागे पडली. पी.टी.च्या तासाला शिट्टी वाजताच आपण धावत सुटायचो, ते पहिल्या काही सेकंदांचे बळ या दोन पदार्थांचे. वर्गात ए.टी.पी. आपण शिकलो, पण सुब्बारावांचे नाव ऐकल्याचे मला आठवत नाही.

हार्वर्डने त्यांना कायमची नोकरी दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि आहारातल्या जीवनसत्त्वांकडे वळले. इथे आपल्या मुंबईचा धागा आहे. डॉ. लुसी विल्स यांना मुंबईतल्या गरोदर स्त्रियांत, विशेषतः गिरणी कामगारांत, एक प्रकारचा पंडुरोग आढळला होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होई, पण त्यातला गुणकारी घटक कोणता, हे कळत नव्हते. तो घटक म्हणजे फॉलिक आम्ल. १९४५ साली सुब्बारावांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले. भावांना नेणाऱ्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरले. आज गरोदर बाईला डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत हेच असते.

फॉलिक आम्लाला अडवणारे अमिनोप्टेरिन याच चमूने बनवले. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले आणि काहींना प्रथमच, थोड्या काळापुरता का होईना, उतार पडला. हत्तीपायाच्या रोगावरचे हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही सुब्बारावांच्याच देखरेखीखाली पुढे आले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. भारतात ते परतलेच नाहीत. ते गेल्यावर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला. पत्नीची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. या यशाची ती किंमत होती आणि ती त्यांच्या एकट्याने मोजली नाही.

आपल्या गुरुजनांनी कुणा नापास मुलाला पुन्हा फॉर्म भरायला लावला असेल, तर त्यांना आज नमस्कार. आपल्या यादीतले दोन पत्ते अजून सापडलेले नाहीत. कुणाला ठाऊक असतील, तर समितीला जरूर कळवा.