रक्तद्रवातली पुसट रेघ

निगडीतल्या रक्तदान शिबिरात जमा झालेली प्रत्येक पिशवी रुग्णाला देण्याआधी ‘हिपॅटायटिस बी’साठी तपासली जाते. काविळीच्या रुग्णाच्या रिपोर्टवर दिसणारी ‘एचबीएसएजी’ ही अक्षरे त्याच तपासणीची. तिचा पाया घालणारे डॉ. बारूक ब्लूमबर्ग २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मले. जागतिक हिपॅटायटिस दिन त्यांच्याच जन्मदिनी पाळतात.

गंमत म्हणजे ब्लूमबर्ग काविळीच्या मागे नव्हतेच. एकच रोग काहींना गाठतो आणि काहींना सोडतो, असे का, हा त्यांचा प्रश्न. विद्यार्थिदशेत सुरिनाममध्ये काम करताना तो मनात रुजला. पुढे ते देशोदेशीच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवू लागले. १९६३ मध्ये, अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवासमोर ठेवला, तेव्हा जेलमध्ये एक रेघ उमटली. त्या अनोळखी प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ नाव पडले. पण ते आहे काय, हे कळेना. आधी संशय रक्ताच्या कर्करोगावर गेला.

उलगडा घरातूनच झाला. १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ महिलेला बरे वाटेना. आधीच्या तपासण्यांत तिच्या रक्तात हे प्रथिन नव्हते. तिने पुन्हा स्वतःचेच रक्त लावून पाहिले. पुसट रेघ आली. डोळे पिवळे झाले ते नंतर. सुदैवाने ती बरी झाली. ते प्रथिन हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचे होते.

तोवर रक्त देताना त्यातून कावीळ जाते की नाही, हे आधी समजण्याचा भरवशाचा मार्गच नव्हता. तो आता मिळाला. १९६९ मध्ये ब्लूमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी त्याच आवरणापासून लस बनवण्याची रीत मांडली. १९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले.

मात्र एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजाच, असे नव्हे. जुन्या संसर्गातही ते सापडते. ताज्या संसर्गासाठी ‘आयजीएम अँटी-एचबीसी’ पाहतात. वाढलेले एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाल्याचे सांगते, कोणत्या विषाणूमुळे ते नाही. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ काविळीच्या चाचण्या तर वेगळ्याच.

उतारवयात ब्लूमबर्ग ‘नासा’त पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा शोध घेऊ लागले. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात ‘नासा’च्याच एका परिषदेच्या ठिकाणी ते कोसळले. वय ८५ होते.